मोठ्या टेक कंपन्या खुल्या वेब मानकांच्या पाठीशी खरंच उभ्या असतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुलं मानक म्हणजे नेमकं काय?

कुणालाही वाचता येईल असा लेखी करार. पानावर दुवा कसा लिहायचा, रंग कसा सांगायचा, ब्राउझरने सर्व्हरकडे पान कसं मागायचं, हे सगळं अशा दस्तऐवजांत लिहून ठेवलेलं आहे. ते वाचायला पैसे पडत नाहीत आणि त्यावरून नवा ब्राउझर बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. जे लोक ते लिहायला एकत्र बसतात, त्यांच्या कंपन्यांनी त्यासाठी लागणारी आपली पेटंटं विनामूल्य वापरू द्यायचं बहुतेकदा कबूल केलेलं असतं.

यामागे एक जुना निर्णय आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संशोधन संस्थेने वेबचं तंत्रज्ञान सर्वांसाठी खुलं केलं. त्याच वर्षी, थोडं आधी, मिनेसोटा विद्यापीठाने इंटरनेटवरची माहिती शोधून वाचण्याच्या आपल्या गोफर या प्रणालीच्या काही वापरासाठी शुल्क आकारायचं जाहीर केलं होतं. गोफर तेव्हा वेबपेक्षा लोकप्रिय होती. शुल्काची भाषा ऐकून लोक बिचकले आणि वेबकडे वळले. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो, त्याचा बराचसा भाग त्या एका फरकावर उभा आहे.

मानकं ठरवतं कोण? तिथे कंपन्यांचीच माणसं बसलेली असतात ना?

बहुतेक हो. डब्ल्यूथ्रीसी ही संस्था टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ मध्ये सुरू केली. इंटरनेटचे मूळ नियम आयईटीएफ या मानक संस्थेत ठरतात आणि जावास्क्रिप्ट या वेबच्या प्रोग्रॅमिंग भाषेचे नियम एक्मा या संस्थेच्या समितीत. पानं ज्या भाषेत लिहिली जातात त्या एचटीएमएलचा दस्तऐवज मात्र आज व्हॉटडब्ल्यूजी हा गट सांभाळतो. तो २००४ मध्ये ॲपल, मोझिला (फायरफॉक्स ब्राउझर बनवणारी संस्था) आणि ऑपेराच्या लोकांनी स्थापन केला, आणि आता त्याच्या सुकाणू समितीत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला असे चौघेच आहेत.

कंपन्यांची माणसं तिथे असण्यात मला गैर काही वाटत नाही. ब्राउझर बनवणाऱ्यांनी अमलात आणलंच नाही, तर मानक कागदावरच राहतं. डब्ल्यूथ्रीसीने एचटीएमएलच्या जागी आणायच्या एक्सएचटीएमएल २ वर अनेक वर्षं घालवली. ब्राउझर बनवणाऱ्यांनी त्यात रस घेतला नाही आणि २००९ मध्ये ते काम थांबवावं लागलं.

अडचण आहे ती वेळेची आणि पगाराची. मोठी कंपनी एकाच विषयावर पूर्णवेळ माणसं बसवू शकते. ती रोजच्या चर्चेत असतात, मसुदे लिहितात, चाचण्या लिहितात. एखादा स्वतंत्र अभ्यासक किंवा छोट्या संस्थेचा प्रतिनिधी दिवसभराचं काम आटोपून रात्री ते मसुदे वाचतो. दोघांना मत एकेकच असलं, तरी दोघांचं वजन सारखं राहत नाही.

आडवळण नको, सरळ सांगा: कंपन्यांचा पाठिंबा खरा असतो की नाटक?

खरा असतो, पण ठिकाण पाहून असतो. "अमुक कंपनी मानकांच्या बाजूची आहे का?" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. एकच कंपनी एका ठिकाणी मानकासाठी मनापासून झटते आणि दुसऱ्या ठिकाणी तेच मानक वर्षानुवर्षं अडवून धरते. जिथे तिची कमाई लोकांच्या मोकळ्या ये-जा करण्यावर चालते, तिथे तिला खुलं मानक हवं असतं. जिथे कमाई लोक अडकून राहण्यावर चालते, तिथे तिच्याकडे नेहमी काहीतरी कारण तयार असतं.

आणखी एक गोष्ट मी पुन:पुन्हा पाहिली आहे. बाजारात मागे असलेल्या कंपनीला खुल्या मानकांची फार आठवण येते. पुढे गेली की तीच कंपनी वेगळं बोलू लागते. पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच दिसेल.

मायक्रोसॉफ्टने तर मानकं मोडूनच काढली होती ना?

एका काळापुरतं ते खरं आहे. अमेरिकेच्या सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला भरला. त्यात इंटेलच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने साक्ष दिली की मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी त्यांच्यासमोर धोरण असं मांडलं होतं: मानक आपलंसं करायचं, त्यात आपली भर घालायची आणि मग ते संपवायचं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये. तोपर्यंत स्पर्धा जवळजवळ उरली नव्हती, आणि पुढची आवृत्ती यायला २००६ उजाडलं. पाच वर्षं जगातला सर्वाधिक वापरला जाणारा ब्राउझर जागचा हलला नाही. मानकं पुढे सरकत होती, पण ती वापरता येत नव्हती, कारण बहुतेक वाचक त्या एकाच ब्राउझरवर होते.

पण याच कंपनीचं दुसरं काम सांगितलं नाही तर अन्याय होईल. पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय, म्हणजे एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट, ही मायक्रोसॉफ्टचीच निर्मिती. आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी ती केली गेली आणि १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये आली. इतरांनी ती उचलली आणि नंतर तिचं मानक लिहिलं गेलं. जीमेल आणि गूगल मॅप्स तिच्यावरच उभे राहिले.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस भाषेतल्या ग्रिडचंही तसंच. पानाची मांडणी ओळी आणि स्तंभांत करण्याचा प्रस्ताव मायक्रोसॉफ्टने मांडला आणि २०१२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये त्याचं पहिलं रूप आणलं. तेव्हा बाजारातला तिचा वाटा घसरत होता, हेही लक्षात घ्यावं. पुढे क्रोम आणि सफारीच्या इंजिनांत, म्हणजे पान पडद्यावर उभं करणाऱ्या आतल्या यंत्रणांत, ग्रिड बसवण्याचं मोठं काम इगालिया या छोट्या कंपनीने केलं आणि त्याचा खर्च ब्लूमबर्गने उचलला. मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांतही ग्रिड आलं. त्या महिन्यात आम्हा वेबवाल्यांना झालेला आनंद मला अजून आठवतो. मांडणीसाठी वर्षानुवर्षं वापरलेल्या कसरती एकदम अनावश्यक झाल्या.

क्रोमचा कोड खुला आहे. मग गूगल मानकांच्या बाजूचं आहे असंच म्हणायचं ना?

खुला कोड आणि खुलं मानक यांत गल्लत होते, ती आधी दूर करू. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचा कोड कुणीही घेऊ शकतो, हे उत्तमच आहे. पण मानकाचा अर्थ असा की तो कोड न घेताही, फक्त दस्तऐवज वाचून, दुसऱ्या कुणाला तेच काम करणारा वेगळा ब्राउझर लिहिता यावा. सगळे एकच कोड वापरू लागले, तर त्या कोडमधली चूकसुद्धा नियम बनून बसते.

याचं एक बोलकं उदाहरण वेब एसक्यूएलचं. ब्राउझरमध्ये माहिती साठवण्याची ती योजना होती. ज्यांनी ती अमलात आणली त्या सगळ्यांनी एसक्यूलाइट हाच एक डेटाबेस वापरला. दुसरी स्वतंत्र रचना झालीच नाही, म्हणून डब्ल्यूथ्रीसीने २०१० मध्ये ते काम थांबवलं. एसक्यूलाइट उत्तम आहे आणि त्याचा कोड कुणालाही मोकळा आहे, तरीही एकाच रचनेचं वर्णन म्हणजे मानक नव्हे, हे तेव्हा ठामपणे सांगितलं गेलं. तो ठामपणा मला मोलाचा वाटतो.

आज उरलेली मोठी इंजिनं तीनच: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. ऑपेराने २०१३ मध्ये आपलं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये तोच निर्णय जाहीर केला आणि जानेवारी २०२० पासून तिचा एज हा ब्राउझर क्रोमियमवर चालू लागला. त्यामुळे गूगलने एखादी नवी गोष्ट ब्राउझरमध्ये घातली की मानक व्हायच्या आधीच ती जगभर पोहोचते. समितीतली चर्चा मग झालेल्या गोष्टीवर होते.

पण गूगलने स्वतःची तंत्रं समितीकडे सोपवलीही आहेत ना?

सोपवली आहेत, आणि त्यातलं क्विकचं उदाहरण मला सगळ्यात चांगलं वाटतं. गूगलच्या हातात ब्राउझरही आहे आणि दुसऱ्या टोकाचे सर्व्हरही. त्यामुळे माहिती वाहून नेण्याची नवी पद्धत ते घरच्या घरी आजमावू शकतात. आधी स्पीडी आलं, त्यातून २०१५ मध्ये एचटीटीपी/२, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांची नवी आवृत्ती, तयार झालं. मग क्विक आलं. ते आयईटीएफकडे गेल्यावर तिथल्या लोकांनी ते बरंच बदललं. गूगलने स्वतः बनवलेली सांकेतिकीकरणाची पद्धत काढून टाकली गेली आणि तिच्या जागी सर्वांचं टीएलएस १.३ आलं. २०२१ मध्ये ते मानक म्हणून प्रसिद्ध झालं, २०२२ मध्ये एचटीटीपी/३. गूगलने ते बदल स्वीकारले.

आता यात गूगलचं नुकसान काय होतं? काहीच नाही. वेब वेगवान झाली की लोक जास्त शोध घेतात, जास्त व्हिडिओ पाहतात. इथे मोकळेपणा आणि कमाई एकाच दिशेला आहेत.

एएमपीची गोष्ट याच्या उलट आहे. मोबाइलवर पानं झटकन उघडावीत म्हणून गूगलने २०१५ मध्ये ती आणली. कोड खुला होता. पण शोधाच्या निकालात वर दिसणाऱ्या ठळक बातम्यांच्या पट्टीत जागा हवी असेल, तर पान एएमपीतच लिहावं लागे, आणि ते बहुतेकदा गूगलच्याच सर्व्हरवरून दाखवलं जाई. साध्या एचटीएमएलमध्ये तितकंच वेगवान पान लिहिणाऱ्याला ती जागा मिळत नसे. ही अट २०२१ मध्ये काढली गेली. अट जाताच अनेक प्रकाशकांनी एएमपी सोडली, यावरून ती तंत्रासाठी घेतली होती की जागेसाठी, हे कळतं.

ॲपलवर टीका का होते? सफारी तर चांगला ब्राउझर आहे.

सफारी चांगला ब्राउझर आहेच. चित्रं काढण्यासाठीचा कॅनव्हास हा घटक वेबला ॲपलने दिला. तिसऱ्या पक्षाच्या कुकीजना, म्हणजे तुमचा माग काढायला दुसऱ्याच साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणांना, आळा घालण्यातही सफारी पुढे होता.

टीका आयफोनवरून होते. ॲपलचा नियम असा की, कायद्याने भाग पाडलेले प्रदेश सोडले, तर आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरने आतून वेबकिटच वापरायचं. म्हणजे तुम्ही आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स उघडलात, तरी आत इंजिन ॲपलचंच. त्यामुळे वेबकिटने जे दिलं नाही, ते त्या फोनवर कुठल्याच ब्राउझरमध्ये मिळत नाही. वेबसाइटवरून सूचना पाठवण्याची सोय क्रोममध्ये २०१५ मध्ये आली. आयफोनवर ती आली मार्च २०२३ मध्ये, तीही होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपपुरती. मधली आठ वर्षं ज्याला सूचना पाठवायच्या होत्या, त्याला ॲप स्टोअरचा रस्ता धरावा लागला, जिथल्या डिजिटल विक्रीवर ॲपल ३० टक्क्यांपर्यंत हिस्सा घेतं.

सुरक्षितता आणि खासगीपणा ही ॲपलची कारणं पोकळ नाहीत. वेबसाइटला थेट यूएसबी किंवा ब्लूटूथ उपकरणांशी बोलू देण्याला मोझिलानेही विरोध केला आहे आणि मला तो पटतो. पण त्या कारणाने सूचनांना आठ वर्षं का लागली, हे समजत नाही.

ई-मेल कुठूनही कुठेही जातो, मग चॅट का नाही?

मला सगळ्यात जास्त चुटपुट लावणारा प्रश्न हाच. कारण एकेकाळी चॅटही तसंच जात होतं.

चॅटसाठी एक्सएमपीपी नावाचं खुलं मानक होतं, आजही आहे. ते २००४ मध्ये आयईटीएफने प्रसिद्ध केलं. गूगल टॉक २००५ मध्ये याच मानकावर सुरू झालं आणि २००६ पासून दुसऱ्या कुणाच्याही एक्सएमपीपी सर्व्हरवरच्या माणसाशी तिथून बोलता येऊ लागलं. तुमचं खातं एकीकडे, मित्राचं दुसरीकडे, तरी गप्पा चालत. गूगल तेव्हा चॅटच्या बाजारात नवखं होतं. दुसऱ्यांच्या सर्व्हरवरची माणसं त्याला हवी होती.

मे २०१३ मध्ये हँगआउट्स आलं आणि त्यात बाहेरच्या सर्व्हरशी बोलण्याची सोय नव्हती. स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांच्या यादीतले बहुतेक मित्र गूगलवर होते. त्यांना मित्र हवे असतील तर गूगलवर खातं उघडणं भाग पडलं. गरज सरो, वैद्य मरो. फेसबुकनेही २०१० मध्ये आपल्या चॅटला एक्सएमपीपीने जोडण्याची सोय दिली होती, ती २०१५ मध्ये बंद झाली.

पुढचा भाग तितकाच शिकवून जातो. काही वर्षांनी गूगल संदेशांच्या शर्यतीत मागे पडलं, आणि मग एसएमएसची जागा घेणारं आरसीएस हे मानक ॲपलने स्वीकारावं म्हणून त्याने जाहीर मोहीम चालवली. ॲपलचं आयमेसेज तेव्हा पुढे होतं, म्हणून ॲपलला घाई नव्हती. शेवटी २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत आयफोनवर आरसीएस आलं. २०१३ चं गूगल आणि आरसीएससाठी झगडणारं गूगल यांच्यात माणसं बदलली असतील, पण फरक पडला तो बाजारातल्या जागेमुळे.

ई-मेल यातून वाचला, कारण कुणी एक कंपनी मोठी होण्याआधीच तो सगळीकडे पसरला होता.

व्हिडिओच्या बाबतीत मात्र सगळ्या एकत्र कशा आल्या?

रॉयल्टी वाचवायला. व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एचईव्हीसी या तंत्राची पेटंटं अनेक गटांत विखुरलेली होती आणि प्रत्येकाचा हात पुढे होता. २०१५ मध्ये ॲमेझॉन, सिस्को, गूगल, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला आणि नेटफ्लिक्स यांनी एकत्र येऊन रॉयल्टीमुक्त तंत्र बनवायचं ठरवलं, त्यातून २०१८ मध्ये एव्ही१ आलं. ॲपलही त्या गटात आलं. हेतू स्वार्थी होता आणि फळ सर्वांना मिळालं. मला यात काहीच खटकत नाही.

डीआरएमला, म्हणजे चित्रपटांवरच्या डिजिटल कुलपाला, वेबचं मानक का केलं गेलं?

गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि नेटफ्लिक्सच्या लोकांनी तसा प्रस्ताव आणला होता. ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणारं फ्लॅश जाणार होतं आणि चित्रपट कुलूपबंद ठेवूनच दाखवायचे होते. डब्ल्यूथ्रीसीने सप्टेंबर २०१७ मध्ये ईएमई या, ब्राउझरला अशा कुलपाशी जोडणाऱ्या, मानकाला मान्यता दिली आणि डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने निषेध म्हणून संस्थेचं सदस्यत्व सोडलं.

माझा आक्षेप असा. ईएमई हा फक्त दरवाजा आहे. त्यामागचं कुलूप गूगलचं वाइडवाइन, मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी किंवा ॲपलचं फेअरप्ले यांपैकी एक, आणि ते मानकात लिहिलेलं नाही. नवा ब्राउझर बनवणाऱ्याने सगळी मानकं तंतोतंत पाळली, तरी चित्रपट दाखवायला त्याला प्रतिस्पर्धी कंपनीचा परवाना मागावा लागतो. पहिल्या उत्तरात मी म्हटलं की कुणाची परवानगी लागत नाही. इथे ते खोटं ठरलं, आणि मानक संस्थेच्या संमतीने ठरलं.

कुकीज बंद करायचं गूगलने कबूल केलं होतं. त्याचं काय झालं?

जानेवारी २०२० मध्ये गूगलने सांगितलं की दोन वर्षांत क्रोममधून तिसऱ्या पक्षाच्या कुकीज जातील. मुदत वाढत गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडला गेला. सफारीने त्या २०२० मध्येच पूर्ण अडवल्या होत्या. ॲपलची मुख्य कमाई उपकरणांची, गूगलची जाहिरातींची. यात ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचीही देखरेख होती, कारण कुकीज गेल्या तर गूगलची जाहिरातींवरची पकड आणखी घट्ट होईल अशी इतरांची भीती होती. एकाच कंपनीकडे ब्राउझर आणि जाहिरातींचा बाजार दोन्ही असले, की चांगला निर्णयही असा गुंतून पडतो.

लोकांनी ओरड केल्याने कधी काही बदललं आहे का?

हो. २०२३ च्या जुलैमध्ये गूगलच्या अभियंत्यांनी मांडलेला वेब एन्व्हायरन्मेंट इंटेग्रिटी हा प्रस्ताव चर्चेत आला. वाचकाचं उपकरण आणि ब्राउझर "विश्वासार्ह" असल्याचं प्रमाणपत्र वेबसाइटला मागता यावं, अशी ती कल्पना. नवे ब्राउझर, जाहिराती गाळणारे, वेगळी उपकरणं वापरणारे, सगळ्यांना त्यातून दारावरच अडवता आलं असतं. मोझिलाने विरोध केला, जगभरच्या प्रोग्रॅमरांनी केला, आणि नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलने युरोपीय संघात होम स्क्रीनवरची वेब ॲप्स बंद करायचं ठरवलं होतं. विरोध झाला, नियामकांनी विचारणा सुरू केली, आणि १ मार्चला ॲपलने निर्णय फिरवला.

कायद्याने काही होतं का?

थोडं. युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून तिथे आयफोनवर दुसरं इंजिन वापरायला कागदोपत्री मोकळीक आहे. पण ती सगळीकडे नसून ठरावीक प्रदेशांपुरती असल्याने ब्राउझर बनवणाऱ्याला दोन वेगळी ॲप्स सांभाळावी लागतात, आणि एवढा खर्च करायला फारसं कुणी पुढे येत नाही.

फायरफॉक्स वापरल्याने फरक पडतो का?

पडतो. स्वतंत्र इंजिनाला वापरणारे नसतील, तर वेबसाइट बनवणारे त्यात तपासून पाहणं सोडतात. मग त्यात पानं बिघडतात आणि उरलेले लोकही निघून जातात.

पण एक कटू गोष्ट सांगायला हवी: मोझिलाचं बहुतेक उत्पन्न गूगलला मुख्य शोधयंत्र ठेवण्याच्या करारातून येतं. सफारीतल्या त्याच जागेसाठी गूगलने ॲपलला २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचं अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. तीन इंजिनांपैकी दोघांना पैसा तिसऱ्याकडून मिळतो.

एखाद्या कंपनीचा पाठिंबा खरा आहे हे ओळखायचं कसं?

मी घोषणा वाचत नाही. त्या कंपनीशी संबंध नसलेल्या कुणी ते मानक स्वतंत्रपणे अमलात आणलं आहे का, हे पाहतो. मग तुमचा मजकूर, संपर्क आणि फोटो घेऊन तुम्हाला दुसरीकडे जाता येतं का, हे पाहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, समितीने बदल सुचवला तेव्हा कंपनीने तो स्वीकारला का? क्विकमध्ये स्वीकारला, म्हणून मी त्याला पाठिंबा म्हणतो.

इंटरॉप या उपक्रमाकडेही लक्ष ठेवा. २०२२ पासून दरवर्षी ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला यांच्यासोबत इगालिया आणि बोकूप या छोट्या कंपन्या मिळून काही गोष्टी निवडतात आणि त्या सर्व ब्राउझरांत सारख्या चालाव्यात म्हणून काम करतात. चाचण्यांचे गुण सगळ्यांना पाहता येतात. यात खूप शांतपणे, खूप चांगलं काम झालं आहे.

मी वेबसाइट बनवतो. माझ्या हातात काय आहे?

तुमच्या कल्पनेपेक्षा जास्त. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मला एका संस्थेच्या वेबसाइटवर अर्ज भरायचा होता. ती एकाच ब्राउझरमध्ये चालायची, माझ्याकडे तो नव्हता आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. तो नियम कुठल्या ब्राउझर कंपनीने केला नव्हता. माझ्यासारख्याच कुणीतरी एकाच ठिकाणी तपासून काम संपवलं होतं.

म्हणून तीनही इंजिनांत पान उघडून पाहा. ब्राउझरचं नाव विचारून दार लावू नका, हवी ती सोय आहे का एवढंच तपासा. काही बिघडलेलं दिसलं तर त्या ब्राउझरच्या नोंदवहीत तक्रार लिहा. तिथे काम करणारी माणसं ती वाचतात, आणि चाचणीसह आलेली नेमकी तक्रार अनेकदा दुरुस्त होते.